कार्यक्षमता कमी, भरवसा जास्त

पावसाळ्यातली गोष्ट आहे. साताऱ्याहून पुण्याकडे येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे गाडीचे डावे मागचे चाक बसले. गाडी रस्त्याच्या कडेला, साइडपट्टीवर घेतली. बरोबर माझी भाची होती. ती नववीत शिकते. मला काळजी वाटली नाही, कारण चारच महिन्यांपूर्वी मी मोठ्या हौसेने तेलाच्या दाबावर चालणारा नवा जॅक विकत घेतला होता. दुकानदाराने तो एका हाताने सहज वरखाली करून दाखवला होता आणि त्या सहजपणावरच मी भाळलो होतो.

जॅक बाहेर काढला आणि पंचाईत झाली. हवा गेलेल्या चाकामुळे गाडीची ती बाजू खाली बसली होती आणि माझा उंच, बाटलीच्या आकाराचा जॅक तिच्याखाली शिरेना. मग गाडीबरोबर आलेला जुना, कात्रीसारखा घडी होणारा जॅक शोधून काढला. तो शिरला, पण पाच-सात वेढे दिल्यावर पाहतो तो गाडी वर जाण्याऐवजी जॅकच ओल्या मुरमात रुतत आणि एका अंगाला कलत चालला होता. इतक्यात मागून आलेला एक ट्रक थांबला. चालक उतरला आणि म्हणाला, "साहेब, अशानं गाडी पडंल. थांबा." त्याने आपल्या ट्रकमधून एक जाड लाकडी फळी आणली, चाकांना दगड लावले, फळीवर जॅक ठेवला आणि दहा मिनिटांत चाक बदलून झाले. कोणाला इजा झाली नाही. पण परतीच्या वाटेवर भाचीने जे प्रश्न विचारले, त्यांतून हा लेख झाला.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रस्त्याच्या कडेला चाक बदलण्यासाठी जॅक निवडताना "हा किती सहज चालतो?" हा प्रश्न दुय्यम आहे. "मी हात सोडला तर हा काय करील?" हा पहिला प्रश्न आहे. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की शाळेत शिकलेल्या एका कल्पनेकडे आपल्याला नव्याने पाहावे लागते. ती कल्पना म्हणजे यंत्राची कार्यक्षमता.

मळसूत्राचे गणित

कात्री जॅक म्हणजे चार पट्ट्यांचा एक समभुज चौकोन. त्याच्या आडव्या कर्णातून आटे पाडलेला एक दांडा जातो. दांडा फिरवला की आडवा कर्ण आखूड होतो आणि उभा कर्ण लांब होतो; म्हणजेच जॅक उंच होतो. दांड्यावरचे आटे म्हणजे एका दंडगोलाला गुंडाळलेली उतरणच. घाटाचा रस्ता जसा डोंगराला वळसे घेत हळूहळू चढतो, तसा मळसूत्राचा आटा चढतो.

आता एक उदाहरण घेऊ. आट्यांमधील अंतर ३ मिलिमीटर आहे, आट्यांचा सरासरी व्यास १२ मिलिमीटर आहे आणि फिरवण्याच्या हँडलची त्रिज्या २० सेंटिमीटर आहे असे समजा. हँडलचा एक पूर्ण वेढा म्हणजे हाताचा सुमारे १२५७ मिलिमीटर प्रवास. तेवढ्यात आडवा कर्ण ३ मिलिमीटरने आखूड होतो. पट्ट्या जमिनीशी ४५ अंशांचा कोन करीत असतील तेव्हा गाडीही तेवढीच, म्हणजे ३ मिलिमीटर वर जाते. वेगगुणोत्तर झाले सुमारे ४१९. जॅकवर ४०० किलोग्रॅम भार असला आणि घर्षण मुळीच नसते, तर हँडलवर १ किलोग्रॅमपेक्षाही कमी बल लावून गाडी उचलता आली असती!

प्रत्यक्षात घर्षण असते. पोलादावर पोलाद घासते तेथे घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर घर्षणाचा कोन सुमारे साडेआठ अंश येतो. आपल्या आट्याच्या चढाचा कोन मात्र फक्त साडेचार अंशांच्या आसपास आहे. या दोन कोनांवरून मळसूत्राची कार्यक्षमता काढली, तर ती सुमारे ३४ टक्के भरते. म्हणजे आपण केलेल्या कामापैकी एकतृतीयांश काम गाडी उचलण्यात लागते आणि दोनतृतीयांश उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

येथे भाचीने मला अडवले. "मामा, मग हे यंत्र वाईटच की! पुस्तकात तर जास्त कार्यक्षमता म्हणजे चांगलं यंत्र."

मी तिला विचारले, "गाडी वर असताना हँडल सोडून दिलं तर काय होईल?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काहीच होणार नाही. गाडी तशीच राहील."

का राहील? भार मळसूत्राला उलटे फिरवू पाहतो. पण चढाचा कोन घर्षणाच्या कोनापेक्षा लहान असल्यामुळे आटे घसरत नाहीत. ज्या उतारावर पेटी आपोआप घसरत नाही, तसाच हा उतार. यालाच मळसूत्र स्वतःला अडकवून धरते असे म्हणतात. आणि आता मौजेची गोष्ट पाहा. ज्या मळसूत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून अधिक आहे, ते भाराखाली आपोआप उलटे फिरू लागते. हे सिद्ध करणे अवघड नाही. वर चढवताना अर्ध्याहून कमी काम घर्षणात जात असेल, तर खाली येताना भाराने केलेले काम त्या घर्षणावर मात करायला पुरते आणि भार खाली येतो. म्हणजे भार जागच्या जागी धरून ठेवायचा असेल, तर कार्यक्षमता निम्म्याहून कमी असणे हीच अट आहे. वाया गेलेले ते दोनतृतीयांश काम खरे म्हणजे वाया गेलेलेच नाही. गाडी आपल्या हातापायांवर पडू नये म्हणून भरलेला तो विम्याचा हप्ता आहे.

"आणि आट्यांना ग्रीस लावलं तर?" हा तिचा पुढचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. ग्रीसमुळे घर्षणगुणांक ०.१० पर्यंत उतरला असे धरू. घर्षणाचा कोन सुमारे ५.७ अंश होतो. तो अजूनही साडेचार अंशांहून मोठा आहे. कार्यक्षमता ४४ टक्क्यांपर्यंत चढते, पण ५० ची वेस ओलांडत नाही. मात्र दोन कोनांतील अंतर कमी झाले हे लक्षात ठेवावे. शेजारून भरधाव ट्रक जात असतात तेव्हा जमीन थरथरते, आणि कंपनांमुळे घर्षणाची पकड सैल होऊ शकते. म्हणून हे अंतर भरपूर ठेवणे हाच शहाणपणा आहे. आटे गंजू नयेत एवढे तेल जरूर लावावे. पण फिरवायला आणखी हलका करण्याच्या नादात मोठ्या अंतराचे आटे असलेला जॅक शोधू नये.

तेलाचा जॅक वाईट आहे काय?

मुळीच नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पास्कलचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये त्या तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ३ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर ९ होते. त्याला तरफेची जोड दिली की एका हाताने टनभर ओझे उचलता येते. घर्षण थोडे असल्याने याची कार्यक्षमता मळसूत्रापेक्षा पुष्कळ जास्त असते.

पण हात सोडल्यावर भार कशाने तोलला जातो? एका लहानशा झडपेने आणि दट्ट्याभोवतीच्या कड्याने. ही दोन्ही धड असतील तोवर जॅक उत्तम. कडे झिजले, झडपेत कचरा अडकला किंवा तेल गळाले, की भार हळूहळू, कधी एकाएकी, खाली येतो. गॅरेजमध्ये रोज वापरात असलेल्या जॅकचा दोष लगेच कळतो. आपल्या डिकीत मात्र तो दोन-दोन वर्षे न हलता पडून असतो. ज्या दिवशी त्याची गरज लागते, त्याच दिवशी त्याची परीक्षा होते, आणि तीही बहुधा पावसात व अंधारात. शिवाय बाटलीच्या आकाराचा जॅक मुळातच उंच असतो. जीप, टेम्पो, ट्रक अशा उंच गाड्यांना तो शोभतो. बसक्या मोटारीखाली तो शिरत नाही, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा जॅक गॅरेजमध्ये सर्वांत सोयीचा. पण त्याची भुजा वर जाताना वर्तुळाच्या कंसात फिरते. म्हणून भार सरळ वर जावा यासाठी सबंध जॅकला थोडे पुढे सरकावे लागते. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. खडीवर किंवा मुरमात त्याची लहान चाके अडकतात, आणि मग जॅक सरकण्याऐवजी गाडीला तिरके ओढतो. फरशीवरचा गुण साइडपट्टीवर दोष ठरतो तो असा.

हल्ली गाडीच्या बारा व्होल्टच्या विजेवर चालणारे कात्री जॅकही मिळतात. हाताला जोर नसलेल्यांना ते उपयोगी आहेत. त्यांतही भार धरून ठेवणारे मळसूत्रच असते. बदलते ती फक्त ते फिरवणारी शक्ती. मात्र हाताने फिरवण्याची सोय ज्यात नाही असा विजेचा जॅक घेऊ नये.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट उंचीची. गाडीच्या तळाशी, चाकांजवळ, जॅक लावण्यासाठी मजबूत केलेली जागा असते. ती गाडीच्या माहितीपुस्तकात दाखवलेली असते. तिची जमिनीपासूनची उंची मोजावी, पण टायर फुगलेला असताना नव्हे! एका टायरची हवा गेल्यावर ती जागा किती खाली येईल याचा अंदाज घेऊन त्याहूनही बसका जॅक घ्यावा. आणि वरच्या टोकाला तो इतका उंच जावा, की हवा भरलेली स्टेपनी आत बसेल. बसलेले चाक काढायला जेवढी उंची पुरते, तेवढी भरलेले चाक बसवायला पुरत नाही. अर्धे काम झाल्यावर हे कळणे फार त्रासाचे.

दुसरी गोष्ट ताकदीची. कात्री जॅकमध्ये दांड्यावरचा ताण पट्ट्यांच्या कोनावर अवलंबून असतो. पट्ट्या ४५ अंशांत असताना दांड्यावर भाराएवढाच ताण येतो. पण पट्ट्या १५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आडव्या असताना तो भाराच्या सुमारे ३.७ पट असतो. म्हणूनच हा जॅक खाली बसलेला असताना फिरवायला जड आणि वर गेल्यावर हलका लागतो. जॅकवर लिहिलेली क्षमता गाडीच्या माणसे व सामान धरून होणाऱ्या वजनाच्या निम्म्याहून बरीच अधिक असावी. एका वेळी एकच चाक उचलायचे असते हे खरे. पण काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

तिसरी गोष्ट पायाची, आणि ती दुकानात कोणी पाहतच नाही. समजा जॅकचा तळ १० सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झाले ७० चौरस सेंटिमीटर. ४०० किलोग्रॅम भाराने जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५.७ किलोग्रॅम दाब पडतो. आता त्याखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद अशी जाड फळी ठेवा. क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर, आणि दाब अर्ध्या किलोग्रॅमच्याही आत! ट्रकचालकाने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले असेल-नसेल. पण ओला मुरूम आणि काळी माती यांच्याशी त्याची रोजची गाठ असल्याने दाब म्हणजे काय हे त्याला पुरते ठाऊक होते.

अरुंद तळाचा आणखी एक धोका आहे. ७ सेंटिमीटर रुंदीच्या तळावर ३५ सेंटिमीटर उंच झालेला जॅक सहा अंशांच्या आसपास कलला, तरी भाराची उभी रेषा तळाच्या बाहेर जाते. सहा अंश म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा कल. म्हणून जॅक रुंद तळाचा घ्यावा, आणि त्याच्याबरोबर एक फळी व दोन लाकडी पाचरी डिकीत कायम ठेवाव्यात. माझ्या मते फळीवाचून जॅक ही अर्धवट खरेदी होय.

जॅक चांगला असूनही

उत्तम जॅकही चुकीच्या जागी निरुपयोगी ठरतो. १२०० किलोग्रॅमची गाडी फक्त ५ अंशांच्या उतारावर उभी असेल, तरी तिला खाली ओढणारे बल १०० किलोग्रॅमहून अधिक असते. म्हणून घाटात, वळणावर थांबू नये. टायर गेला तरी चालेल, पण हळूहळू सपाट, कठीण आणि रहदारीपासून दूरच्या जागी जावे. धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवावा आणि सर्व माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे.

हँडब्रेक लावावाच; पण बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन चाकांवरच लागतो. मागचे एक चाक उचलले की त्या रोधनाचा अर्धा भाग हवेत लटकतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी. पण पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीचे पुढचे एक चाक उचलले, तर डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि गिअरची पकड सुटते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, विशेषतः तिरक्या समोरच्या चाकाला, दोन्ही बाजूंनी पाचरी किंवा दगड लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे ढिले करावेत. चाक जमिनीवर असते तोवर घर्षण ते फिरू देत नाही. गाडी जॅकवर चढल्यावर पान्याला हिसके देणे म्हणजे जॅकलाच हिसके देणे.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा नियम: जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग न्यायचा नाही. हात नाही, पाय नाही, पडलेला नट काढण्यासाठी डोके तर मुळीच नाही. जॅक उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. गाडीखाली काम करायचे असते तेव्हा तिला भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवतात, आणि ते काम गॅरेजचे. मळसूत्र उलटे फिरणार नाही याची हमी मी वर दिली. जॅक कलंडणार नाही याची हमी कोणतेच मळसूत्र देत नाही.

"आता याची गरजच काय?"

असे विचारणारे पुष्कळ भेटतात. फोन केला की मदत येते. ट्यूबलेस टायर लगेच बसत नाहीत. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून, ट्यूबलेस टायर, टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या लहान प्रवासी वाहनांना स्टेपनी न बाळगण्याची मुभाही दिली आहे. हा मुद्दा खोटा नाही. जेथे जागा धोक्याची आहे, तेथे चाक बदलायला न जाता मदतीची वाट पाहणे हेच शहाणपणाचे. पण पंक्चरचा संच टायरला पडलेले लहान भोक बुजवतो. खड्ड्याच्या धारेवर आपटून टायरची बाजू फाटली, तर त्याचा काही उपयोग नाही. आणि घाटमाथ्यावर फोनला रेंज नसते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. साध्या यंत्रांचा पाठ शिकवताना एक जुना कात्री जॅक वर्गात आणा. भार न ठेवता विद्यार्थ्यांना हँडलचा एकेक वेढा देऊ द्या आणि प्रत्येक वेढ्याला जॅक किती वर गेला ते मोजू द्या. सुरुवातीला एका वेढ्यात तो सेंटिमीटरभर उंच जातो आणि शेवटी दोन मिलिमीटरही जात नाही, असे काहीसे आढळेल. त्याचा आलेख काढा आणि कोनाशी संबंध लावा. मग एखाद्या दिवशी शाळेच्या सपाट पटांगणात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एखाद्या गाडीचे चाक मुलामुलींनी स्वतः बदलावे. मुलींनीही, हे मुद्दाम सांगतो. ४१९ वेगगुणोत्तराच्या यंत्राला मनगटाच्या ताकदीचे फारसे कौतुक नसते.

घरी आल्यावर मी माझा तो हौसेचा जॅक जीप चालवणाऱ्या एका मित्राला देऊन टाकला. त्याला तो योग्य आहे. माझ्या डिकीत आता रुंद तळाचा एक मळसूत्री जॅक आहे. तो फिरवायला वेळ लागतो आणि खांदा दुखतो. शेजारी एक फळी आहे. तिच्यावर भाचीने खडूने लिहून ठेवले आहे: "आधी मी."